शोधपथक क्रमांक नऊ

मुलांच्या साहसकथांच्या मालेला नाव कसं असावं, असं मला अधूनमधून कुणीतरी विचारतं. मी म्हणते, विचारू नका. मग त्यांना वाटतं, बाई खडूस आहे. आहेच. पण त्या खडूसपणाच्या तळाशी एक धास्ती आहे, ती मात्र आजवर कुणाला सांगितलेली नाही.

तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते. घर साताऱ्यात, नोकरी सांगलीत, मुलींच्या शाळेत पाचवीच्या वर्गावर. गावभागात एक खोली घेऊन राहत होते आणि संध्याकाळी गोष्टी लिहीत होते. लागोपाठ दुसऱ्या वर्षी पावसानं दगा दिला होता. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, त्यामुळं आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या छापखान्याच्या पत्रिका बंद पडल्या. छापखान्याचे मालक साठीचे होते, सगळे त्यांना काका म्हणत. रिकामं यंत्र बघवेना म्हणून त्यांनी ठरवलं, मुलांची पुस्तकं काढायची. लिहायला मी सापडले.

गोष्ट त्यांना आवडली होती. पाच मुलं, डोंगरात हरवलेला एक टपालवाला, आणि अकराव्या दिवशी तो जिवंत सापडतो. अडलं होतं ते नावापाशी. मी ‘डोंगरापलीकडची वाट’ असं नाव नेलं. काकांनी तपकिरीची चिमूट नाकात भरली.

“ही कविता झाली,” ते म्हणाले. “पोरगं कवितेला हात लावतं का?”

“मग काय ठेवू?”

“नाव ओरडता आलं पाहिजे, बाई. आपला विकणारा यष्टीत चढतो. कंडक्टरनं घंटी मारायच्या आत त्याला ते दोनदा ओरडायचं असतं. आणि पोरानं बापाकडं मागताना त्याची जीभ अडखळता कामा नये.”

हे मला पटलं. पण माझी स्वतःचीही एक अट होती, आणि तिच्यावर मी फार खूश होते. नाव असं हवं की हे सगळं कुठंतरी खरोखर चाललेलं आहे असं वाचणाऱ्याला वाटावं. मी आठ नावं वर्गात फळ्यावर लिहिली आणि मुलींना हात वर करायला सांगितले. ‘शोधपथक’ लिहिल्याबरोबर बाकांवरून हात उठले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, हे पथक खरं आहे का?” मी तिला उत्तर दिलं नाही, नुसती हसले. नाव मिळालं म्हणून त्या दिवशी मी घरी नाचतच गेले.

क्रमांक काकांनी दिला. छापखान्यात तमाशाच्या जाहिरातींसाठी मोठाले लाकडी ठसे होते. ‘रात्री ठीक ९ वाजता’ छापून छापून त्यातला नऊचा आकडा असा गुळगुळीत झाला होता की शाई त्याच्यावर देखणी बसायची. काकांनी तो माझ्यासमोर ठेवला. “हा घे. नऊ आहेत म्हटल्यावर आधीची आठ कुठं आहेत, हे पोरं विचारत बसतील.” असं ते ‘शोधपथक क्रमांक नऊ’ झालं. काळ्या कव्हरवर तांबडा नऊ. मलपृष्ठावर गोल शिक्का, आणि त्याखाली, ‘कुणी हरवलं आहे का? कळवा: शोधपथक क्रमांक नऊ, सांगली.’ कुणा माणसाचं नाव नाही, गल्ली नाही. आमच्या पोस्टमनला छापखाना ठाऊक होता, तेवढं पुरे होतं.

पुस्तक उन्हाळ्याच्या सुट्टीत आलं आणि हातोहात गेलं. मुलांची पत्रं येऊ लागली. कुणाची मांजर हरवलेली, कुणाचा भोवरा. उत्तरासाठी मी एक मजकूर करून दिला, तो काकांनी पोस्टकार्डांवर छापून घेतला. ‘आपले पत्र पोहोचले. नोंद घेतली आहे. पथक मार्गावर आहे. धीर धरा. — प्रमुख, शोधपथक क्रमांक नऊ.’ खाली जांभळ्या शाईचा गोल शिक्का. ‘धीर धरा’ हे दोन शब्द माझे, आणि मला त्यांचा अभिमान होता. दर रविवारी मी छापखान्यात बसून पत्रांचा ढीग उपसायची. आधी आधी सगळी पत्रं वाचायची. मग नुसता खालचा पत्ता बघून कार्डावर उतरवू लागले. मांजरांची पत्रं किती वाचायची?

दिवाळीत दुसरं पुस्तक निघालं. त्यानंतर पंधरवड्यानं एक पत्र आलं, आणि ते मात्र कसं कोण जाणे, मी उघडून वाचलं.

‘पथकाचे साहेब यांस सा. न. वि. वि. तुमचं कार्ड मिळालं. पथक मार्गावर हाय हे वाचून जीव भांड्यात पडला. कार्ड मामंजींना दाखवलं. त्यांनी भावकीला दाखवलं. समद्यांनी ठरवलेलं थांबवलं हाय. तुमी म्हणता तसा धीर धरला हाय. पन लवकर कळवा. फोटो सांबाळा, येकच हाय.’

मी खाली टाकलेला जुना ढीग उपसायला लागले. तिचं पहिलं पत्र सापडलं, वहीचं पान दुमडून केलेलं, आणि त्यात वर्दीतल्या माणसाचा फोटो. पत्रातून सगळं कळलं. ती कोरेगावच्या पुढच्या एका गावातली, जिथं घरटी एक फौजी. एकाहत्तरच्या डिसेंबरातल्या लढाईत तिचा नवरा बेपत्ता झाला. तशी तार आली, पुढं काही नाही. वर्ष भरत आलं होतं. घरात धाकट्या दिराचं लग्न काढायचं होतं, आणि थोरल्याचं काय ते आधी मिटवा, मग मांडव घाला, असं भावकीचं म्हणणं पडलं. मिटवायचं म्हणजे तिचं कुंकू पुसायचं. लेकीनं शाळेतून आणलेलं आमचं पुस्तक तिनं वाचलं. पत्रात तिनं लिहिलं होतं, ‘आमच्या मानसाला पत्र धाडायचं तर गाव नसतंय, नुसता नंबर आसतोय. तुमचा बी तसाच दिसला, म्हून लिवलं.’

ही ओळ मी कितीदा वाचली असेन. शहरातल्या कुणालाही तो पत्ता बघून हसू आलं असतं. पण त्या गावात सगळ्यात खरा पत्ता फौजी टपालाच्या नंबराचाच असायचा. माझं नाव इतकं चांगलं जमलं होतं, की माझ्या मेलीच्या अकलेची मलाच किळस आली.

पत्रं घेऊन मी काकांपुढं उभी राहिले. त्यांनी ती वाचली आणि बराच वेळ तपकिरीची डबी नुसतीच फिरवत राहिले.

“दुसरं कार्ड पाठवू,” ते शेवटी म्हणाले. “तपास चालू आहे म्हणून. कैद्यांची अदलाबदल होणार आहे, रेडिओवर सांगतात. याद्या येतील. आला तो यादीत, तर प्रश्नच मिटला.”

“आणि नाही आला तर?”

“तर यादीनं सांगितलं, आपण नाही.”

मी त्यांच्यावर भडकले. काय काय बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. खरं तर सकाळपासून माझ्याही डोक्यात हाच विचार घोळत होता, म्हणूनच मी एवढी भडकले होते. काका बिचारे ऐकून घेत राहिले. मग त्यांनी फोटो जाड पुठ्ठ्यात घालून, दोऱ्यानं बांधून माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “जाऊन ये.”

शनिवारी शाळा सुटल्यावर कऱ्हाडची यष्टी धरली. रात्र साताऱ्यात घरी काढली, आईला काही सांगितलं नाही. सकाळी कोरेगाव, तिथून पुढं आणखी एक यष्टी. रस्त्याच्या दोन्ही कडांना दुष्काळी कामावरची माणसं खडी फोडत बसलेली. ऊस जागच्या जागी वाळून गेला होता. मी पुठ्ठा मांडीवर धरून काय बोलायचं त्याची घोकंपट्टी करत होते. पहिलंच वाक्य जमेना. ‘मी पथकाकडून आले’ म्हणावं तर खोटं, आणि ‘मी लेखिका’ म्हणावं तर तिथं त्याला काय अर्थ?

घर सापडायला वेळ लागला नाही. ओसरीवर म्हातारे सासरे बसले होते. पाठ ताठ, मिशा पांढऱ्या, अंगावर जुनी खाकी जर्सी. शेजारी भावकीतले एक चुलते. सांगलीहून आले म्हटल्यावर सासऱ्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि घरभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “पथकाकडनं आलाय व्हय? या, बसा.”

माझ्या तोंडून हो निघेना, नाहीही निघेना. चुलते तटकन उठले. “सूनबाई खडीवर हाय. मी बोलवून आणतो,” म्हणाले आणि धावतच गेले. म्हाताऱ्या सासूनं तांब्या आणून ठेवला. गावाला टँकरचं पाणी होतं हे मी येताना बघितलं होतं, त्यामुळं त्या तांब्याला हात लावायचा धीर होईना. आत भिंतीतल्या देवळीत देव होते. त्यांच्याशेजारी माझं कार्ड उभं करून ठेवलेलं. कार्डाला हळदकुंकू वाहिलेलं होतं.

सासू आत गेली तसा म्हाताऱ्यानं आवाज खाली आणला. “कार्ड तुमी धाडलं?”

“हो. आबा, ते पथक...”

“म्हाईत हाय.”

मी देवळीकडं बघितलं.

“तीस वर्सं फौजेत काढली म्या. सरकारी शिक्का वळखत न्हाई व्हय? ती जांबळी शाई, त्यो गोल. पोराटकीचं काम हाय ते, पयल्या दिशीच समजलं.”

“मग तुम्ही भावकीला का दाखवलं?”

त्यांनी पुढ्यातला तांब्या माझ्याकडं सरकवला. “धाकट्याचं लगीन हाय. भावकी म्हनती, आधी थोरल्याचं मिटवा. रोज कोन ना कोन येऊन बसतंय. म्या कुनाला सांगू, की माजाच हात उचलत न्हाई म्हून? फौजीनं आसं बोलायचं नसतंय. तेवड्यात तुमचं कार्ड आलं. म्हटलं, बरं झालं. कागूद आला की लोक गप बसत्यात.”

“आणि त्यांना? सूनबाईंना माहीत आहे?”

“न्हाई. ती मानती.” ते रस्त्याकडं बघू लागले. “आता तुमी आलाय. खरं सांगायला आला, का आनकी धीर द्यायला, ते तुमी ठरवा. म्या मदी पडनार न्हाई.”

झालं. आता मला अडवणारं कुणी नव्हतं. खोटं बोलायची परवानगी मला त्या घराच्या कर्त्या माणसानंच दिली होती. ‘तपास चालू आहे’, एवढेच तीन शब्द, आणि संध्याकाळच्या यष्टीनं मी मोकळी. म्हातारा मोकळा, कुंकूही जागच्या जागी. माझं तोंड कोरडं पडलं होतं. ते पाणी मी शेवटी प्यायले.

ती आली ती जवळजवळ पळतच. केसांत खडीचा धुरळा, पदर कमरेला खोचलेला. माझ्याच वयाची असेल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मागून नऊ-दहा वर्षांची मुलगी, तिच्या हातात आमचं दुसरं पुस्तक, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. चुलते, सासू आणि शेजारच्या दोघीतिघी दाराशी येऊन थांबल्या. ती बसली नाही. माझ्या हातातल्या पुठ्ठ्याकडं बघत म्हणाली, “घावलं का?”

घोकलेलं सगळं उडून गेलं. मी उभी राहिले. म्हणाले, “पथक नाहीच. ती पाच मुलं मी मनानं रचलेली आहेत. नाव मी ठेवलं, ते खरं वाटावं म्हणूनच ठेवलं. कार्डही माझंच. तुमचं पत्र न वाचता मी त्यावर पत्ता टाकला. माझी चूक झाली.”

तिला समजलं नाही असं वाटून मी पुन्हा सांगायला तोंड उघडलं, तेव्हा तिनं हात वर करून मला थांबवलं.

“आन त्यो टपालवाला? त्यो तरी घावला व्हता का?”

“नाही. तोही नव्हताच.”

तिनं शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. मुलीनं पुस्तक छातीशी घट्ट धरलं होतं, जणू मी ते परत मागायला आले होते. मग तिची आई आत गेली. देवळीतलं कार्ड काढलं, पदरानं त्याच्यावरचं हळदकुंकू पुसलं आणि आणून माझ्या हातात ठेवलं. मी तिला फोटो दिला.

चुलत्यांनी घसा खाकरला. “झालं मग. आता थोरल्याचे दिस घालायला हरकत न्हाई.”

तिनं सासऱ्यांकडं बघितलं. “आता तुमी म्हनाल तसं, मामंजी.”

म्हातारा उठला. गुडघ्यावर हात टेकत, वेळ घेत उठला, पण उभा राहिला तो ताठ. “कार्ड खोटं आसंल,” तो चुलत्यांना म्हणाला. “थांबायचा हुकूम कार्डाचा नव्हता, माजा व्हता. कैद्यांची यादी येईस्तवर तिच्या कपाळाला कुनी हात लावायचा न्हाई. धाकट्याचं लगीन ऱ्हाऊ द्या आडून. मी हाय जबाबदार.”

चुलते पायांत वहाणा सरकवून निघून गेले. मला रडू आवरेना, आणि तिथं रडायचा मला काहीएक हक्क नव्हता, म्हणून मी पिशवी उचलली. ती दारापर्यंत आली.

“पानी घेतलं का, बाई?” तिनं विचारलं.

“घेतलं.”

मी माझं नाव आणि खोलीचा नि शाळेचा पत्ता एका कागदावर लिहून तिला दिला. काही कळलं तर मला कळवा, म्हणाले. तिनं कागद घडी करून फोटोच्या पुठ्ठ्यात घातला.

सांगलीत परत आल्यावर काकांना सांगितलं, नाव बदला. मला वाटलं होतं भांडावं लागेल. त्यांनी लगेच उरलेल्या प्रतींवर नव्या नावाच्या पट्ट्या चिकटवायला घेतल्या. ‘डोंगरापलीकडची वाट’. मी शेजारी बसून मदत केली. दोघांच्याही बोटांना खळ लागली होती. स्टँडवरचा विकणारा मात्र जुनंच नाव ओरडायचा. शाळेतून येताना ते कानावर पडलं की मी रस्ता बदलायची.

डिसेंबरात कैदी परत आले. मी रोज वर्तमानपत्र चाळायची, शाळेच्या शिपायाला म्हणून ठेवलं होतं, टपाल आलं की आधी मला सांग. खोलीच्या दारात पोस्टमन दिसला की मी हातातलं टाकून पुढं व्हायची. माझ्या नावानं काहीच आलं नाही. महिना संपता संपता काकांनी छापखान्यातून हाक मारली. त्यांच्या हातात एक पोस्टकार्ड होतं. वाचून झालं होतं त्यांचं, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी माझ्याकडं न बघता ते पुढं केलं.

अक्षर मी लगेच ओळखलं. माझा पत्ता तिच्याकडं होता, तरी पत्ता तोच होता, शोधपथक क्रमांक नऊ, सांगली. मागच्या बाजूला तीनच ओळी होत्या.

‘पथकाचे साहेब यांस सा. न. वि. वि. यादी आली. नाव न्हाई. आमचं मानूस सोधायचं आता थांबवा.’